संकीर्णमधल्या एक्केचाळीस फाइली

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता दुसऱ्या बाईकडून लिहून घेतला आहे. फसवणूक झाली, मान्य. पण आता फोडलंच आहेस तर वाच. तू माझा फोन उचलत नाहीस हे पाचव्या खेपेला माझ्या डोक्यात शिरलं. शिवाय बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेली बाई आणखी काय करणार?

विषय आपल्या घरच्या कॉम्प्युटरचा आहे. कोपऱ्यावरच्या वाचनालयाला जुना कॉम्प्युटर हवा होता, आणि आपला पाच वर्षं टेबलावर नुसता बसून खातोय. द्यायच्या आधी आतलं आवरून घ्यावं म्हणून मी तो दुरुस्तीवालीकडे नेला. ही बाई नवीन आहे, तू गेल्यावर चपलांच्या दुकानाशेजारी तिने दुकान टाकलं. पन्नाशीची, धिप्पाड, दोन चष्मे वापरते, एक नाकावर आणि एक डोक्यावर, आणि दोन्ही शोधत असते. तिने आत बघितलं आणि मला विचारलं, "ताई, हे काय आहे? एक्केचाळीस फाइली आहेत. पांढरे कागद दिसतायत, उघडत एकही नाही."

मी म्हटलं, "कोरे कागद असतील, टाका पुसून."

तिने पुसलं नाही. डोक्यावरचा चष्मा खाली घेतला, नाकावरचा वर केला आणि म्हणाली, "कोरा कागद एवढा जड असतो होय? यातली एकेक फाइल तुमच्या सगळ्या फोटोंपेक्षा जड आहे."

भिंगरे, एक्केचाळीस म्हटल्यावर तुला जे आठवलं असेल तेच मला आठवलं. बाबांच्या आठवणी तू एक्केचाळीस बैठकांत रेकॉर्ड केल्या होत्यास. मी उगाच आशा लावत नाही. फाइली उघडत नाहीयेत, आणि नावंही तुझी नाहीत. कॉम्प्युटर म्हातारा झाला की नावं विसरत असेल, माणसांसारखंच. वाचनालयाला मी थोडं थांबा म्हणून सांगितलं आहे.

तुला यातलं काही नको असेल तर तसं एका ओळीत कळव. हवं असेल तरी कळव.

ताई

ता.क. तू अजून त्याच तलावावर पोहायला शिकवतेस का? अजून ओरडतेस का तशी?


१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनी आलेला मजकूर पुढीलप्रमाणे: "नावं कॉम्प्युटर बदलत नाही. माणूस बदलतो. उघडल्या तर कळव." तीन वाक्यं. मी ती तीस वेळा वाचली आणि फ्रिजवर लावली. रागावू नकोस, कार्ड सुंदर आहे, मागच्या बाजूला बदक आहे.

आता ऐक, कारण हे सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही.

दुरुस्तीवालीने मला शेजारी स्टूल दिलं आणि म्हणाली, "ताई, फाइलीच्या नावाला शेवटी एक शेपटी असते. टिंब आणि त्यापुढे तीन-चार अक्षरं. ती बघून कॉम्प्युटरला कळतं की हा फोटो आहे की गाणं की पत्र. तुमच्या फाइलींच्या शेपट्या कुणीतरी कापल्यात. म्हणून तो गांगरलाय." आधी तिने गाणी शोध असं यंत्राला सांगितलं. यंत्र म्हणालं, एकही नाही. बरोबरच आहे, शेपटी नसलेलं गाणं त्याला गाणं वाटतच नाही. मग तिने शोध सोडून दिला आणि सगळ्या फाइली आकाराप्रमाणे लावल्या, जड वर, हलक्या खाली. आपल्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वर येऊन बसल्या.

एका फाइलीची नक्कल करून तिने तिला फोटोची शेपटी लावली. उघडेना. गाण्याची एक शेपटी लावली, ती पण कुरकुरली. मी तिला म्हटलं, जाऊ दे. ती म्हणाली, "जाऊ कसं दे? मी काय दुकान शोभेसाठी उघडलंय?" मग तिने सगळ्यांत लहान फाइल शोधली आणि ती साध्या लिखाणाच्या खिडकीत उघडली. यंत्र बराच वेळ गोठलं. आम्ही चहा प्यायलो. मग पडदाभर नुसता कचरा आला, चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटसुलट अक्षरं. पण त्या कचऱ्याच्या अगदी सुरुवातीला चार धड इंग्रजी अक्षरं होती, आणि दुरुस्तीवालीने टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला.

"हा आवाज आहे! प्रत्येक फाइल पहिल्याच ओळीत आपली जात सांगते, नाव काही का असेना. हिला डॉट वेव्ह लावा!"

माझ्याकडूनच लावून घेतलं. एका बोटाने, एकेक अक्षर. पांढऱ्या कागदाच्या जागी गाण्याचं चित्र आलं. आणि मग बाबा बोलायला लागले. बाबांचा आवाज ऐकून मी मटकन खाली बसले, अगं, स्टूल होतं म्हणून बरं.

बाबा ज्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे तिथली गोष्ट होती. बाबांनी प्रोजेक्टरवर तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं ती. मेलेला नायक पुढच्या रिळात बागेत गाणं म्हणत फिरतोय, आणि पब्लिकने शिट्ट्या मारून त्याचं स्वागत केलं, आणि मॅनेजर धावत वर आला, तर बाबा त्याला म्हणाले, "साहेब, लोक खूश आहेत, तुम्ही कशाला त्याला परत मारताय?" दुकानात एक गिऱ्हाईक प्रिंटर कवटाळून उभा होता. तो तसाच उभ्या उभ्या हसत राहिला, प्रिंटर खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

बाबा सापडले, भिंगरे! सगळेच्या सगळे सापडले. तू काहीही पुसलं नव्हतंस.

हे शेवटचं वाक्य मी ठळक लिहिलं आहे याची नोंद घ्यावी. शेपट्या कुणी कापल्या, याची चौकशी चालू आहे.

ताई


१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे, नाहीतर माझं धैर्य गळून जाईल. चौकशी पूर्ण झाली. ती सुरू व्हायच्या आधीच पूर्ण झाली होती. शेपट्या मी कापल्या.

दुरुस्तीवालीला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. बिचारी गप्प बसली. फाइलींची नावं काय होती सांगू? स.९.१, स.९.२, तिथपासून स.९.४१ पर्यंत. रेकॉर्ड रूममधल्या बाईशिवाय जगात अशी नावं कोण देतं?

तू मुलांना घेऊन पोहण्याच्या स्पर्धेला गेली होतीस, बाबा जायच्या दोनेक महिने आधी. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते आणि हात शिवशिवत होते. घरातले सगळे डबे लावून झाले. पुस्तकं लावली. बाबांचे मोजे लावले, त्यावर बाबा काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. मग मी कॉम्प्युटरकडे वळले. आत सगळा गोंधळ. म्हटलं, याला ऑफिसची शिस्त लावू. घरच्या कागदांना घ, फोटोंना फ, आणि जे काय आहे ते कळत नाही ते संकीर्णमध्ये, म्हणजे स. सुरुवात मी संकीर्णपासून केली, कारण ऑफिसातही मी तशीच करायची, आधी नावडतं उरकायचं.

तुझ्या फाइलींना त्या रेकॉर्डरने आपलीच काहीतरी नावं दिली होती, आर-ई-सी आणि शून्य शून्य एक. त्यात बाबा आहेत हे कुठे लिहिलं होतं? आणि प्रत्येकीच्या मागे ते टिंब आणि तीन अक्षरं लोंबत होती. मला ती अस्वच्छ वाटली. काढून टाकली आणि आपला नंबर घातला. प्रत्येक वेळी यंत्राने मला विचारलं की शेवट बदललात तर फाइल चालणार नाही, नक्की बदलायचा का? मला राग आला. एकतीस वर्षांत मला कुणी "नक्की का?" विचारायची हिंमत केली नव्हती. एक्केचाळीस वेळा मी ठणकावून "हो" दाबलं. मग खांदा धरला, म्हणून फ आणि घ राहून गेले. खांदा धरला नसता तर आपले फोटोही कोरे कागद झाले असते.

एवढंच असतं तर मी मूर्ख आहे म्हणून तू हसली असतीस आणि विषय संपला असता. पुढचं वाईट आहे.

बाबा गेल्यावर सगळे जमले, आणि मामा म्हणाले की त्यांचा आवाज ऐकूया. तू खुर्चीत बसून शोधायला लागलीस. यंत्र म्हणत राहिलं, काही सापडलं नाही. आदल्याच दिवशी कॉम्प्युटरमध्ये जागा पुरत नाही म्हणून तू आतलं बरंच काही काढलं होतंस, आणि मी एकोणीस माणसांदेखत म्हटलं, "हिने बाबांना पुसून टाकलं." मला ते शब्द नीट आठवतात. तुझा चेहराही आठवतो. तू उठलीस आणि गेलीस.

भिंगरे, तिसऱ्या दिवशी मला आठवलं होतं. अंघोळ करताना एकदम डोक्यात आलं की मीच तर काही फाइलींची नावं बदलली होती. अंगावर पाणी तसंच घेऊन मी उभी राहिले. आणि मग मी कॉम्प्युटर उघडून बघितला नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर एकोणीस माणसांसमोर परत जावं लागलं असतं. म्हणून मी त्यावर कापड घातलं. पाच वर्षं घातलं.

माझं चुकलं. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला आणि तो खोटा असेल हे तिसऱ्या दिवसापासून मला वाटत होतं. मला तुझी माफी हवी आहे आणि ती मागायला मी लायक नाही, तरी मागते आहे.

ताई


२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय भिंगरी,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी बदक नाही, नुसता दगडी पूल आहे, म्हणजे तू रागात आहेस. "आळ एकोणीस जणांत घेतलास आणि माफी बंद पाकिटात मागतेस?"

तुझं बरोबर आहे. दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या. मोठ्या आत्याचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं. मामा भुवया कशा उडवतील ते दिसत होतं. मग मी दुरुस्तीवालीकडे गेले आणि म्हटलं, मला टाइप करायचंय, आणि नाव देताना शेपटी राहिली पाहिजे. सोबत जोडलं आहे. सतरा प्रती निघाल्या, आज टपालात पडल्या. तुझी अठरावी.

परिपत्रक

विषय: पाच वर्षांपूर्वी बाहेरच्या खोलीत सर्वांसमक्ष केलेल्या आरोपाबाबत.

१. त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीने बाबांची रेकॉर्डिंग पुसली असं मी म्हटलं. ते खोटं होतं. तिने काहीही पुसलं नाही.

२. ती रेकॉर्डिंग मीच, व्यवस्थितपणाच्या नादात, नावं बदलून निकामी केली होती.

३. मला तिसऱ्या दिवशी शंका आली होती. मी तपासलं नाही, कारण मला तुम्हा सगळ्यांची लाज वाटली. तिची वाटायला हवी होती.

४. एक्केचाळीसही रेकॉर्डिंग आता सुरू आहेत. ती पाच वर्षं हरवलेली राहिली याला मी जबाबदार आहे, आणि ती मुळात आहेत याला माझी बहीण. बाबांजवळ बसून त्यांना बोलतं करायला आपल्यापैकी दुसऱ्या कुणालाही वेळ झाला नव्हता. मी तर त्याच घरात होते.

५. माझी बहीण ही घरातली सगळ्यात हट्टी आणि सगळ्यात सरळ मुलगी आहे. यापुढे कुणी तिच्याबद्दल वेगळं बोलताना आढळल्यास माझ्याशी गाठ आहे.

प्रत: मामा व मामी, दोन्ही आत्या, काका, सर्व चुलत व मावस भावंडं, बाबांचे तिकीटखिडकीवरचे मित्र. थोरले आजोबा आता नाहीत, त्यांची प्रत दप्तरी ठेवली आहे.

सही, मोठी मुलगी

हे वाचून तुला माझं पायपुसणं झाल्यासारखं वाटेल. मला काय वाटलं सांगू? पेटीत शेवटचं पाकीट टाकलं आणि रस्त्याच्या मधोमध मला हसू फुटलं. एक सायकलवाला घंटी वाजवत राहिला, मला बाजूला होता येईना.

ताई


६ मार्च, गुरुवार

माझी भिंगरी,

तुझी प्रत परत आली. समासात लाल शाईने शेरा: "पाहिलं. कलम एक ते चार मान्य. कलम पाचमधला 'हट्टी' हा शब्द वगळावा. शनिवारी दुपारच्या गाडीने येते, चार दिवस राहीन."

सगळ्या नोकरीत मी साहेबांचे हजारो शेरे वाचले. एकाही शेऱ्यावर मी स्वयंपाकघरात नाचले नव्हते. आता हा खांदाही हलतो, ते त्या दिवशी कळलं. "हट्टी" मात्र वगळता येणार नाही, तो अभिलेखात गेला आहे.

बाकीच्यांचा अहवाल देते. मोठ्या आत्या फोनवर म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं." मामांनाही तेव्हाच वाटलं होतं. आतापर्यंत अकरा जणांना तेव्हाच वाटलं होतं. मग तेव्हा सगळ्यांनी तोंडात काय धरलं होतं, असं मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुझी भीती वाटते गं." तिकीटखिडकीवाले काका स्वतः चालत आले. त्यांनी टोपी काढून कॉम्प्युटरसमोर तासभर बसून ऐकलं, आणि जाताना म्हणाले की तिसरं रीळ आधी लागलं ते बाबांमुळे नाही, रिळांचे डबे त्यांच्याच हातून पडले होते आणि त्यांनी ते कसेही भरले होते. बाबांनी चाळीस वर्षं ते स्वतःवर घेतलं आणि त्याची गोष्ट करून सगळ्यांना हसवलं.

वाचनालयाला दुरुस्तीवालीने दुसरा कॉम्प्युटर मिळवून दिला. आपला घरीच आहे. फाइलींची नावं तशीच ठेवली आहेत, फक्त शेपट्या लावल्या आहेत. नावं तू दे. मला या घरात कशाचंही नाव बदलायला सध्या बंदी आहे, ती मीच घातली आहे.

तुझी खोली झाडून ठेवली. उशी नवी आहे, जुनी फारच सपाट झाली होती. स्टेशनवर मी येईन, तू नको म्हणालीस तरी येईन, आणि तू लांबूनच ओरडशील याची मला खात्री आहे.

गाडीत बसायच्या आधी एवढं एकच वाच, म्हणजे समोरासमोर सांगायला नको. दुकानात फाइल उघडली तेव्हा बाबांचा आवाज ऐकून मी मटकन खाली बसले असं तुला लिहिलं होतं. तेवढं खोटं लिहिलं. बाबांनी तोवर तोंडच उघडलं नव्हतं. आधी खुर्ची सरकली, मग कुणीतरी हसलं, आणि मग तू म्हणालीस, "बोला बाबा, चालू झालंय." मी खाली बसले ती तेव्हा.

ताई